ती हे कुणाला सांगते आहे? हंसा वाडकरांवरच्या एकपात्रीविषयी

प्रश्न थोडक्यात असा. कराडच्या एक हौशी अभिनेत्री, नोकरी सांभाळून राज्य नाट्य स्पर्धेत कामं करणाऱ्या, यांना हंसा वाडकरांच्या आयुष्यावर एकपात्री करायचं आहे. दोन तासांचा खर्डा तयार आहे, जन्मापासून मृत्यूपर्यंतचा. अधूनमधून पडद्यावर सिनेमांचे तुकडे दाखवायचे, तीन लावण्या करायच्या आणि पहिला प्रयोग साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात, असा बेत आहे. परवानग्या कुणाच्या लागतात, नाच फारसा येत नाही तर काय करावं, दारूचे प्रसंग ठेवावेत का आणि नाटकाला नाव काय द्यावं, असं त्यांनी विचारलं आहे. खर्डाही वाचायला पाठवला. तो दोनदा वाचून त्यांनाच हे लिहिते आहे.

खर्ड्यातली सालवारी चोख आहे. रतन साळगावकर नावाची मुलगी १९३६ साली ‘विजयाची लग्ने’मधून सिनेमात येते, हंसा वाडकर होते. पुढे बॉम्बे टॉकीज, मग प्रभातचा ‘संत सखू’ १९४१ साली, ‘रामशास्त्री’ १९४४ साली, राजकमलचा ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ साली, ‘पुढचं पाऊल’ १९५० साली, ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आणि त्याच नावाचं आत्मकथन १९७० साली. एकही साल चुकलेलं नाही. तरी वाचताना एक प्रश्न मला सोडत नव्हता. ही बाई हे सगळं कुणाला सांगते आहे? आणि आज, या घटकेला का सांगते आहे? खर्ड्यात ती येते, मधोमध उभी राहते, प्रेक्षकांकडे बघते आणि ‘माझा जन्म’ म्हणून सुरुवात करते. पुढचे दोन तास कुणी तिला अडवत नाही, कुणी उलट विचारत नाही. तिला कुणाचं मन वळवायचं नाही, कुणापासून काही लपवायचंही नाही. मग तिने बोललंच पाहिजे अशी गरज कुठून येणार?

एकपात्रीत माणूस एकटा दिसतो, पण एकटा नसतो. समोर न दिसणारं दुसरं पात्र बसलेलं असतं आणि नाटक त्या दोघांत घडतं. तो ऐकणारा कोण हे ठरलं की काय सांगायचं, काय गाळायचं, कुठे खोटं बोलायचं, कुठे गप्प बसायचं हे सगळं आपोआप ठरत जातं. तो ठरला नाही तर हातात उरतो तो चरित्राचा सारांश, नऊवारी नेसून म्हटलेला.

तुम्ही म्हणाल, ‘व्हय, मी सावित्रीबाई’ या एकपात्रीत सुषमा देशपांडे सरळ प्रेक्षकांशीच बोलतात की. बोलतात, आणि ते पटतं, कारण सावित्रीबाईंचं समोरच्या माणसाशी नातंच तसं आहे. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची ही बाई शिक्षिका होती. समोर बसलेली प्रत्येक बाई तिची विद्यार्थिनी ठरते. तिला प्रेक्षकांना काही विचारण्याचा, सुनावण्याचा हक्क आहे. हंसाबाईंचं प्रेक्षकांशी नातं वेगळं. प्रेक्षकांनी त्यांना तिकीट काढून बघितलं, शिट्ट्या मारल्या, पुण्याच्या विजयानंद टॉकीजला ‘सांगत्ये ऐका’ १३० हून अधिक आठवडे चालवला, आणि त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल पाठीमागे बोललेही. अशा माणसांसमोर बाई पहिल्याच मिनिटाला मन मोकळं करील हे मला खरं वाटत नाही. ती आधी त्यांना हवी ती हंसा देईल. खरी रतन द्यायला तिला वेळ लागेल, आणि कदाचित ती देणारही नाही.

ऐकणारा म्हणून सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो शब्दांकन करणारा तरुण पत्रकार. हंसाबाईंचं आत्मकथन अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं, त्यामुळे रिकामी खुर्ची, तिच्यावर वही-पेन आणि समोर बोलणारी बाई हे चित्र आयतंच मिळतं. ते मी टाळीन. लिहून घेणाऱ्याला सगळंच हवं असतं. तो ‘मग पुढे?’ एवढंच विचारतो, आणि ‘मग पुढे’वर चालणारं नाटक अर्ध्या तासात दमतं. ऐकणाऱ्याला काहीतरी नेमकं हवं असलं पाहिजे, आणि ते द्यावं की न द्यावं हा पेच बोलणारीपुढे असला पाहिजे.

माझी सूचना अशी. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी कल्पा. हंसाबाईंच्या मेकअपच्या खोलीत तिला कुणीतरी आणून बसवलंय. तिला सिनेमात जायचंय, किंवा घरच्यांना तिला धाडायचंय. बाहेर आई थांबलीय. मुलीला हंसाबाईंचा एक शब्द हवाय, कंपनीच्या मालकाकडे. हंसाबाईंना पुढच्या तासाभरात ठरवायचंय की हो म्हणायचं की या पोरीला परत पाठवायचं. आता त्यांची प्रत्येक आठवण कामाला लागते. ‘राम जोशी’मधल्या आपल्या बयाच्या भूमिकेचं कौतुक त्या सांगतात तेव्हा पोरीचे डोळे चमकतात, ते बघून त्या घाबरतात आणि लगेच लग्नाची गोष्ट काढतात. ती ऐकून पोर रडवेली झाली की त्यांनाच वाईट वाटतं, कारण काम करण्यातलं सुख खोटं नव्हतं. ‘ये’ आणि ‘येऊ नकोस’ यांच्यात बाई फाटत जाते. त्या स्वतः साधारण त्याच वयात सिनेमात आल्या होत्या, म्हणजे समोर बसलेली रतनच आहे. हे नाटकात एकदाही बोलून दाखवू नका. प्रेक्षकांना ते कळतं, आणि स्वतःचं स्वतःला कळलं की जास्त लागतं.

ही मुलगी काल्पनिक आहे, तेव्हा जाहिरातीत आणि सुरुवातीच्या निवेदनात तसं स्वच्छ सांगा. नाटकातला प्रसंग रचलेला आहे, आयुष्यातल्या घटना नोंदलेल्या आहेत, एवढं एक वाक्य पुरतं. पुस्तकात नसलेलं वाक्य हंसाबाईंच्या तोंडी घालताना ते त्यांचं उद्धृत आहे असा भास होऊ देऊ नका. उद्या कुणीतरी तुमचं वाक्य त्यांच्या नावाने फिरवील.

आता काय ठेवायचं. तुम्ही दोन तासांत सगळं बसवलंय, म्हणून प्रत्येक गोष्टीला चार-चार मिनिटं आली आहेत. टाइप केलेलं पान रंगमंचावर दोन-अडीच मिनिटं घेतं, त्यात हालचाल आणि गाणं आलं की जास्त. सत्तर-पंचाहत्तर मिनिटं, मध्यंतर नाही, असा हिशेब धरा. मध्यंतर झालं की मुलगी आणि बाई यांच्यातला ताण चहाबरोबर निघून जातो आणि तो परत उभा करायला दहा मिनिटं मोडतात. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त खर्डा काढावा लागेल. बॉम्बे टॉकीज दोन वाक्यांत उरका. ‘पुढचं पाऊल’वरचं पान मजेशीर आहे, पण त्यात हंसाबाईंपेक्षा पुलंच जास्त दिसतात. ते काढा.

आणि एक गोष्ट मात्र वाढवा. तुम्ही कराडच्या, आणि तुमच्या खर्ड्यात ‘संत सखू’ला दोन ओळी आहेत! सखू कराडचीच. सासरच्यांनी पंढरीला जाऊ दिलं नाही, खांबाला बांधून ठेवलं, विठ्ठल तिच्या रूपात आला, स्वतःला बांधून घेतलं आणि तिला वारीला मोकळं केलं. ही गोष्ट तुमच्याकडच्या प्रत्येक घरात आजीने सांगितलेली असते. प्रभातने ती पडद्यावर आणली तेव्हा सखू झाली अठरा वर्षांची हंसा. याच हंसेला पुढे मराठवाड्यातल्या एका घरात कोंडल्यासारखं राहावं लागलं आणि नवऱ्याला निरोप धाडून तिथून सुटका करून घ्यावी लागली. सिनेमातल्या सखूसाठी देव आला. खऱ्या हंसेच्या सुटकेला आला तो नवरा, आणि त्याच्यापासूनच तर ती पळाली होती. तुमच्या नाटकाचं काळीज इथे आहे असं मला मनापासून वाटतं.

हे शब्दांत समजावत बसू नका, रंगमंचावर करा. कसं करता येईल ते लिहिते. नेपथ्यात उंच पाठीची एक लाकडी खुर्ची असतेच. सखूचा प्रसंग मुलीला सांगताना हंसाबाई उत्साहात खुर्चीत बसतात, पदर सोडवून घेतात, त्याचं टोक खुर्चीच्या पाठीला दोन वेढे देऊन खोचतात आणि म्हणतात, असं बांधलं होतं बघ मला शूटिंगला. मनगटं पाठीमागे जातात. चेहऱ्यावर काम करण्यातला आनंद. मग कुणीतरी ‘कट’ म्हटल्यासारखं सगळं सोडतात, हसतात, पदर झटकून खांद्यावर घेतात. हे झालं पंचविसाव्या मिनिटाला. पन्नासाव्या मिनिटाला मराठवाड्यातल्या त्या घराची गोष्ट येते तेव्हा त्या त्याच खुर्चीत बसतात. पदर खाली मोकळा पडलेला. कुठेही गाठ नाही. आणि मनगटं आपोआप पाठीमागे जातात. बस. त्या वेळी शब्द जितके कमी तितकं बरं. दिवे बदलू नका, संगीत टाकू नका. प्रेक्षकांना दोर दिसेल.

अशा खुणा नाटकभर पेरायच्या असतात. एकपात्रीत प्रसंग बदलताना अंधार करण्याची सवय आपल्याकडे फार आहे. सहा वेळा अंधार झाला की सहा वेळा प्रेक्षक मोबाईल बघतात. वस्तूने प्रसंग बदला. पावडरचा डबा उघडला की स्टुडिओ, बंद केला की घर. आपल्या कीर्तनकारांकडे बघा. एकच बुवा, एकच उपरणं. ते डोक्यावरून घेतलं की सून, कमरेला बांधलं की सासरा, आणि खांदा अर्धा वळवला की बोलणारा बदलला. आवाज फार बदलत नाहीत ते. तुम्ही खर्ड्यात आईचा, नवऱ्याचा, दिग्दर्शकाचा असे वेगवेगळे आवाज काढायचं लिहिलंय. तो मोह सोडा. पुरुषाचा जाड आवाज काढला की नकला सुरू होतात आणि प्रेक्षक खुशीत येतात, पण हंसा हरवते. नवऱ्याचं वाक्य हंसेच्याच आवाजात, तिने ते मनात किती वेळा घोळवलं असेल तशा थंडपणे आलं तर त्याची धार राहते.

बोलीचंही सांगते. खर्ड्यात हंसाबाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सातारी ग्रामीण बोलतात. हे पडद्यावरून आलंय. साळगावकरांचं घर कोकणी वळणाचं, आयुष्य गेलं मुंबई-पुण्यात. तमाशापटातली ती ठसकेबाज बोली हे त्यांनी कमावलेलं काम होतं, घरची भाषा नव्हे. तुम्हाला सातारी उपजत येते, म्हणून ती सोपी वाटते. उलट त्याचा वापर करून घ्या. मुलीशी बोलताना साधी शहरी मराठी, आणि मुलीला भुरळ घालायची असेल तेव्हा पडद्यावरची बोली. ज्या क्षणी बाई अवघड प्रश्न टाळते त्या क्षणी ती बोलीत शिरते. आपल्या भागातला प्रेक्षक बोलीचा कस लगेच लावतो. बाई कधी खरी बोलते आणि कधी खेळ करते हे त्याला कानानेच कळेल.

नाचाबद्दल तुम्ही घाबरला आहात, आणि घाबरायला कारणही आहे. शाहीर पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष वाळवा तालुक्यात, तमाशातल्या काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या उशाशी. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी रात्र-रात्र फड बघितलेत. अर्धवट अदा त्यांच्यापुढे चालत नाही, आणि चालूही नये. ती कला शिकायला आयुष्य लागतं, आठ दिवसांची कार्यशाळा करून ती येत नाही. तेव्हा तीन लावण्या नकोत. एक ठेवा, आणि ती बसून करा. बैठकीची लावणी बसूनच, अदाकारीने करतात, त्यामुळे ही पळवाट ठरत नाही. भिवई, मान, बोटं आणि शब्दावर ठेवलेला विराम एवढं कमावायला तीन-चार महिने एखाद्या जाणत्या बाईंकडे बसा. आपल्या भागात अशा बाया आहेत. मानधन द्या, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव तुमच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत घाला.

नाचाऐवजी चाळ बांधणं दाखवा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. समोरच्या रिकाम्या स्टुलावर मुलीचा पाय आहे असं धरून हंसाबाई तिच्या पायात चाळ बांधतात. खाली बसायचं, पट्टा घोट्यावर धरायचा, एक वेढा, दुसरा वेढा, प्रत्येक वेढ्याला बोट आत घालून बघायचं की फार आवळलं तर नाही ना. बोलणं चालूच आहे. लग्नाची गोष्ट चालली आहे. एका वाक्यावर हात थांबतो. मग त्या बांधलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडायला लागतात, एकेक वेढा, आणि बोलणं मात्र त्याच लयीत पुढे जातं. घुंगरांचा बारीक आवाज सोडतानाही होतो. बांधताना आणि सोडताना तो वेगळा येतो. तालमीत कान देऊन ऐका. हे दोन मिनिटांचं काम उभ्या लावणीपेक्षा जास्त सांगून जाईल, आणि ते तुम्हाला नक्की जमेल. पंचाईत एकच, माइक. गळ्याशी लावलेला माइक खाली वाकल्यावर पदराला घासतो आणि घुंगरांचा आवाज खरखरीत हरवतो. स्टुलाच्या पायाशी एक वेगळा माइक लपवा.

‘सांगत्ये ऐका’मधल्या ‘बुगडी माझी सांडली गं, जाता साताऱ्याला’चं काय करायचं? साताऱ्यात प्रयोग म्हटल्यावर ते गाणं येणारच, असं तुम्ही लिहिलंय. आशाबाईंनी गायलेलं, गदिमांनी लिहिलेलं. आशाबाईंचा जन्म सांगलीचा आणि गदिमांचा शेटफळ्याचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यांनीच ते गाणं जगाला दिल्यासारखं आहे. पण पडद्यावर त्यावर नाचल्या त्या जयश्री गडकर. तुमच्या खर्ड्यात ते हंसाबाई करतात, ते दुरुस्त करा. आणि दुरुस्त करताना त्यात काय दडलंय ते बघा. १९५९ साली हंसाबाई छत्तिशीच्या, जयश्रीबाई सतराच्या. दशकभर तमाशापट म्हटलं की हंसा वाडकर हे नाव होतं, आणि आता कॅमेरा दुसऱ्या मुलीकडे वळला. त्या वेळी हंसाबाईंच्या मनात काय आलं असेल ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही मत्सराचा संवाद लिहू नका. फक्त एवढं करा. गाण्याची नुसती ढोलकी लांबून, विंगेतून, अस्पष्ट येऊ द्या, आणि हंसाबाईंना आरशासमोर बसून ती ऐकू द्या. समोर पंधरा वर्षांची मुलगी बसलेली आहेच. मूळ गाणं मोठ्याने वाजवलंत तर साताऱ्याचं अख्खं सभागृह टाळ्या धरील, गाईल, आणि नाटक तिथेच थांबेल.

ढोलकी म्हणाले ती हक्कांमुळेही. आता परवानग्यांकडे येते, कारण इथे लोक सर्रास गाफील राहतात.

घटना कुणाच्या मालकीच्या नसतात. हंसाबाई कधी कोणत्या सिनेमात होत्या, कुणाकडे राहिल्या, हे तुम्ही कुठूनही वाचून आपल्या शब्दांत मांडू शकता. पण आत्मकथनातली वाक्यं, त्यातली सांगण्याची रचना, यावर हक्क आहे. लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोघांनी मिळून केलेलं लेखन मानलं तर शेवटी गेलेल्या लेखकापासून ती वर्षं मोजतात. अरुण साधू २०१७ साली गेले. हंसाबाई सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गेल्या, त्यांचीही ६० वर्षं अजून भरलेली नाहीत. कोणत्याही बाजूने मोजलं तरी पुस्तक मोकळं झालेलं नाही. तुमच्या खर्ड्यात मी मोजून बघितलं नाही, पण पानंच्या पानं पुस्तकातली आहेत हे पुस्तक वाचलेल्या कुणालाही कळेल. तेव्हा दोनच मार्ग. प्रकाशकांना आणि त्यांच्यामार्फत वारसांना लिहून नाट्यरूपांतराचा आणि प्रयोगाचा, असे दोन्ही हक्क लेखी घ्या. किंवा ती वाक्यं पूर्ण काढून, घटना तेवढ्या ठेवून, संवाद स्वतःचे लिहा. मुलीची चौकट घेतलीत तर दुसरा मार्ग आपोआप मोकळा होतो, कारण बोलणंच नवं होतं. तरीही पत्र लिहा. कायद्यासाठी नाही लागलं तरी सभ्यतेसाठी लागतं.

सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९४७ चा आणि १९५९ चा सिनेमा त्या अर्थी मोकळा झाला आहे. पण त्यातल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क स्वतंत्र असतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरीपर्यंत सुरक्षित. ‘राम जोशी’चे संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, त्यांच्या चाली २०३५ च्या अखेरीपर्यंत. गाणं प्रयोगात गायचं तर परवाना काढावाच लागेल. बसून करायच्या लावणीसाठी म्हणूनच मी ‘सुंदरा मनामध्ये भरली’ सुचवते. ती खुद्द राम जोशींची. ते पेशवाईच्या अखेरीस होऊन गेले, शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’शी तिचं नातं आहेच. चाल मात्र सिनेमातली उचलू नका. लावणी शिकवणाऱ्या बाईंना परंपरेतली येत असेल ती घ्या.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हे तुम्हाला स्पर्धेमुळे माहीत आहे. एकपात्री आहे, छोटं आहे म्हणून सूट नसते. तारखेच्या बरंच आधी पाठवा. आणि कुटुंबाचा मुद्दा. मृत व्यक्तीची बदनामी हाही कायद्याने गुन्हा ठरू शकतो, जर त्यामागे जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती माणसं स्वतःची बाजू मांडायला येणार नाहीत. १९७७ साली श्याम बेनेगलांनी या आयुष्याच्या आधाराने ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिथे तर नायिकेचं नावही बदललेलं आहे, उषा, पडद्यावरची उर्वशी. तुम्ही हंसाबाईंचं नाव ठेवा, पण नवऱ्याचं, मुलीचं, त्या मराठवाड्यातल्या घराचं नाव प्रयोगात घेण्याची काही गरज नाही. ‘हे’, ‘त्या घरी’ एवढ्याने काम होतं, आणि तशीच ती बाई बोलली असती.

पडद्यावरचे तुकडे दाखवू नका. हक्क हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. खऱ्या हंसा वाडकरांचा चेहरा सहा फुटांचा होऊन तुमच्या मागे हसायला लागला की तुमच्याकडे कुणी बघणार नाही. प्रेक्षकाने कल्पनेने तुम्हाला हंसा मानलेलं असतं. तो करार तुम्हीच मोडू नका. दिसण्याचं साम्य शोधण्यात वेळ घालवू नका, केसांचा विग नको. मानेची एक लकब, हात पदरावर ठेवण्याची एक तऱ्हा, एवढं सिनेमे बघून उचला आणि बाकी स्वतः राहा.

दारू. ठेवायची, कारण हंसाबाईंनी ती स्वतः लपवली नाही. पण नशा दाखवायची नाही. रंगमंचावर झोकांडी खाणारी बाई दिसली की आपल्याकडे हशा होतो. पुरुष हसतात आणि बायका शरमून खाली बघतात, आणि त्या हशातून बाहेर यायला बराच वेळ जातो. बाटली, ग्लास काही नको. उलट बाई जास्त नीटनेटकी होऊ दे. डबे सरळ रेषेत लावते, साडीची घडी पुन्हा-पुन्हा मोडून घालते, एखादा शब्द जरा जास्तच स्पष्ट उच्चारते. पिणारी माणसं आपण प्यायलेलो नाही हे दाखवण्यासाठी किती जपून वागतात ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना ओळखू येतं. मुलगी विचारते, वास कसला येतोय? हा प्रश्न प्रेक्षकांना ऐकू येत नाही. हंसाबाईंचं उत्तर तेवढं येतं: ‘अत्तराचा.’ एवढंच ठेवा.

पाठांतराबद्दल एक सांगते. एकपात्रीत सावरून घ्यायला समोर नट नसतो, आणि प्रॉम्प्टर असला तरी त्याचा आवाज मेकअपच्या त्या खोलीत येऊच शकत नाही. म्हणून वाक्यं घोकण्याआधी हालचाली पक्क्या करा. डबा उघडला की अमुक, पदर खोचला की तमुक. शब्द अडला तरी हात पुढे जातो आणि हात शब्दाला ओढून आणतो. मुलीची उत्तरंही पूर्ण लिहून काढा आणि तालमीत दुसऱ्या कुणालातरी, खरंच चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या मुलीला, तिच्या आईला विचारून, स्टुलावर बसवून ती वाचायला लावा. महिनाभर अशी तालीम करा आणि मग ती मुलगी काढून घ्या. तिच्या प्रश्नांची जागा, तिचं अडखळणं, नजरेची उंची तुमच्यात उरेल. नजरेच्या उंचीवर फार लोक फसतात. मुलगी दर वाक्याला उंच-बुटकी होत राहते.

प्रकाशयोजना साधी ठेवा, कारण हा प्रयोग तालुक्याच्या गावी न्यायचा आहे. एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल, एक ट्रंक, चार-सहा दिवे. हे सगळं एका गाडीत बसलं पाहिजे आणि दोन माणसांनी तासाभरात लावता आलं पाहिजे. आरसा खरा आणू नका, दिव्यांचा झोत त्यातून प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो. आरशाची रिकामी चौकट प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा, म्हणजे तुम्ही आरशात बघता तेव्हा समोर प्रेक्षक असतात.

आणि पहिला प्रयोग शाहू कलामंदिरात करू नका. मोठं सभागृह, मोठं भाडं, ओळखीचे सत्कार, आणि मागच्या रांगांपर्यंत चाळ सोडण्याचा आवाज जाईल की नाही ही धास्ती. आधी लहान जागी करा. वाचनालयाचं सभागृह, एखाद्या वाड्याचा चौक, बचत गटाच्या बायकांची बैठक, शंभराच्या आत माणसं. त्यातले काही प्रयोग फक्त बायकांसमोर करा आणि ऐका, कुठे त्या हसतात आणि कुठे अजिबात हालत नाहीत. पुरुषांसमोर आणि बायकांसमोर या नाटकाचे विराम वेगळे पडतील, तुम्हाला दोन्ही यायला हवेत. मग सांगलीला या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते हे गाव. इथला प्रेक्षक चांगलं झालं तर भरभरून सांगतो आणि नाही झालं तर तेही प्रयोगानंतर थांबून सांगतो. दोन्ही ऐकून मग साताऱ्याची तारीख घ्या.

नावाचं विचारलंत. ‘सांगत्ये ऐका’ हे किंवा त्याच्या जवळपासचं नाव घेऊ नका. ते सिनेमाचं आहे, पुस्तकाचं आहे, आणि प्रेक्षक पुस्तकाचंच वाचन समजून येईल. पोस्टरवर ‘हंसा वाडकर यांच्या जीवनातील घटनांवर आधारित’ असं छोट्या अक्षरांत आलं की पुरे. नाव मुलीच्या बाजूने शोधा. ती खोलीत शिरताना किंवा निघताना काय विचारते, त्यात ते सापडेल. तालमी सुरू झाल्याशिवाय ठरवू नका, आणि सेन्सॉरला संहिता पाठवायच्या आधी नक्की करा, कारण प्रमाणपत्र त्याच नावाने निघतं.